काटकसर कशावर करायची?

लवकर निवृत्तीची चर्चा आपल्याकडे दोनच प्रश्नांभोवती फिरते. किती रक्कम साठली म्हणजे नोकरी सोडावी, हा पहिला. सोडल्यावर दिवस कसा काढावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ठरलेले आहे: वार्षिक खर्चाच्या पंचवीसपट. दुसऱ्याचेही ठरलेलेच: सकाळी नऊच्या आत आंघोळ उरकून, इस्त्रीचे कपडे घालून बसावे, म्हणजे माणूस सुस्तावत नाही. गुंतवणुकीच्या शिबिरांत, रविवारच्या पुरवण्यांत, सोसायटीच्या कट्ट्यावर हीच दोन उत्तरे घोळवली जातात. मला दोन्ही उथळ वाटतात. पण पहिले निदान हिशेब तरी मांडते. दुसरे माणसाविषयीच चुकीची समजूत पसरवते, म्हणून त्याचा समाचार जरा विस्ताराने घ्यायला हवा.

आधी आकड्याविषयी थोडक्यात. विल्यम बेंगन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये चार टक्क्यांचे सूत्र मांडले; पंचवीसपट त्यातूनच येते. पहिल्या वर्षी पुंजीतून चार टक्के काढावेत, पुढे दरवर्षी महागाईच्या मानाने ती रक्कम वाढवावी, पैसे तीस वर्षे पुरतात. हा निष्कर्ष अमेरिकेतले शेअर आणि सरकारी रोखे यांच्या इतिहासावरून निघालेला होता. पुण्यात पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्याला चाळीसएक वर्षे काढायची असतात, तीही इथल्या महागाईत आणि औषधपाण्याचा बराचसा खर्च खिशातून करत. तेव्हा पंचवीसपट पुरेलच असे नाही. पण हा दोष पट वाढवून दुरुस्त होतो.

आता कपड्यांकडे वळू. लेंगा-बंडीत, ट्रॅकपँटमध्ये किंवा गाऊनमध्ये दिवस काढणारा माणूस हळूहळू मनानेही सैल पडतो, असे म्हणतात. त्याला विज्ञानाचा आधार म्हणून एका अमेरिकी प्रयोगाचा हवाला दिला जातो. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. पांढरा कोट डॉक्टरचा आहे असे सांगून तो घालायला दिला, तर माणसांचे अवधान वाढते. तोच कोट चित्रकाराचा म्हणून दिला तर वाढत नाही, असे त्यांना आढळले. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. पण मूळ निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केला, तरी त्यातून इस्त्रीची महती सिद्ध होत नाही. कोट एकच होता. फरक पडला तो कोटाला चिकटलेल्या अर्थाने. मग लेंग्याला आपण कोणता अर्थ देतो, हा प्रश्न उरतोच, आणि इस्त्रीवाले नेमका तोच टाळतात.

गिरगाव-परळच्या चाळींमध्ये लेंगा आणि बनियन हा सार्वजनिक पोशाख होता. गॅलरीत, नळावर, जिन्यात माणसे त्याच कपड्यांत भेटत, भांडत, वर्गणी गोळा करत, गणपतीच्या नाटकाच्या तालमी करत. त्यांना सुस्त म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती. गांधींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला आणि १९३१ मध्ये त्याच वेषात ते बकिंगहॅम राजवाड्यात गेले. कामाचा उत्साह कापडाच्या कडकपणावर ठरत असता तर हे घडले नसते. अगदी अलीकडचे पाहायचे तर २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी कचेऱ्या लोकांच्या घरच्या कपड्यांत चालल्या. कारण सोपे आहे. त्या लोकांकडून कुणाला तरी काही हवे होते.

इस्त्रीवाले कार्यकारणभावच उलटा लावतात. निवृत्तीनंतर खचलेला माणूस दुपारी तीनपर्यंत रात्रीच्या कपड्यांत दिसतो, हे खरे आहे. नैराश्यात कपडे बदलण्याचेही ओझे होते, आणि तेव्हा उठून आवरण्याने थोडी मदत होते, हेही मी मान्य करतो. पण तो कपड्यांमुळे खचलेला नसतो. त्याची वाट पाहणारे कुणी उरलेले नसते, म्हणून कपडे बदलायचे कारणही उरत नाही. त्याला कडक कॉलर चढवून रिकाम्या घरात बसवले, तर तो कडक कॉलरमध्ये खचेल.

शिवाय या शिस्तीचा जाच सर्वांना सारखा होत नाही. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात बायकांनी दिवसा गाऊन घालू नये असे ठरले आणि मोडणारीला दंडही ठरला. ठरवणारे महिला मंडळच होते. गाऊनवर ओढणी घेऊन भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई अर्धा संसार चालवत असते. तिच्या कपड्यांत आळस दिसणे हा पाहणाऱ्याच्या नजरेचा दोष आहे. सुती, सैल, धुवून मऊ झालेले कपडे या हवामानाला योग्य आहेत आणि खिशालाही. ऑफिसचा सदरा विटला की घरात वापरायचा, फाटला की फडके करायचे. साडीची गोधडी करायची. घरात घालायचे कपडे म्हणून महागडे जोड वेगळे विकत घेण्याची रीत मात्र मला पटत नाही. आराम जुन्या कापडात फुकट मिळतो.

इथे काटकसरीचा मुद्दा येतो, आणि माझे खरे म्हणणेही. लवकर निवृत्तीच्या आजच्या विचाराला ज्या पुस्तकाने मोठी चालना दिली, ते विकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांचे पुस्तक १९९२ चे. डोमिंग्वेझ यांनी वॉल स्ट्रीटवरची नोकरी एकतिसाव्या वर्षी सोडली होती. पण त्या दोघांची काटकसर समाजकार्याला वेळ मिळावा म्हणून होती, आणि पुस्तकाचे उत्पन्नही त्यांनी तिकडेच वळवले. आपल्याकडे याहून जुने दाखले आहेत. गोपाळ कृष्ण गोखले दरमहा ७५ रुपयांवर शिकवण्याची बांधिलकी पुरी करून १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. भारत सेवक समाज त्यांनी त्यानंतर, १९०५ मध्ये काढला. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे काम सोडण्याऐवजी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सोडली आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. अर्थात हे आजच्या अर्थाने निवृत्त नव्हते. पण कमी पैशांत राहण्याचे बळ त्यांनी कशासाठी वापरले, ते पाहण्यासारखे आहे.

काटकसर दोन प्रकारची असते. एक गरजा कमी करते, दुसरी माणसे कमी करते. मोटार विकून बसने जाणे ही पहिली. वाचनालयाची वर्गणी बंद करणे, भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला जाण्याचे तिकीट टाळणे, कुणाला जेवायला न बोलावणे ही दुसरी. वहीत दोन्ही सारख्याच दिसतात. किंबहुना पंचवीसपटीचे गणित दुसरीलाच मोह घालते. महिन्याला ५०० रुपये वाचले की वर्षाचे ६,००० होतात, आणि पंचवीसपटीने दीड लाखाची पुंजी कमी लागते. मंडळाची वर्गणी, आहेर, चहापाणी यांवर एवढी रक्कम सहज वाचते, आणि पाच वर्षांनी फोन वाजेनासा होतो. मग त्याच माणसाला सकाळी कपडे नीट घालण्याचा सल्ला दिला जातो.

म्हणून निवृत्तांच्या बाबतीत मी एकच कसोटी मानतो: आज मी गेलो नाही, तर कुणाचे काही अडेल का? छंदवर्गाला न गेल्याने काही अडत नाही. तो वेळ भरतो, आणि त्यात वाईट काही नाही. रात्रशाळेतला गणिताचा तास चुकला तर वर्ग ताटकळतो. संस्थेच्या खजिनदाराने हिशेब लिहिला नाही तर लेखापरीक्षण रखडते. बाईच्या बाबतीत ही कसोटी घराबाहेर लावावी, कारण घरात तिच्यावाचून नेहमीच अडते आणि ते तिने निवडलेले असतेच असे नाही.

नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्याने खर्चाची वही पुन्हा उघडावी आणि त्यातल्या ज्या ओळींमुळे आपण कुणाच्या दारी जातो किंवा कुणी आपल्या दारी येते, त्या वेगळ्या काढाव्यात. कात्री बाकीच्या ओळींना लावावी. या ओळी मात्र आहेत तशा पुंजीत धराव्यात, आणि त्यासाठी आणखी दोन वर्षे नोकरी करावी लागली तर करावी. तेवढे केल्यावर दिवसभर लेंग्यात बसायला काहीच हरकत नाही.