गरज नसताना धावणे

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी फज्रची नमाज अदा करून आम्ही पाचजणी मरीन ड्राइव्हवर धावायला गेलो. चार शिक्षिका आणि शाळेतल्या सेविका, ज्यांना सगळी शाळा खाला म्हणते. खाला मुंब्र्याला राहतात; आदल्या रात्री त्या आमच्यातल्या एकीकडे मुक्कामाला आल्या होत्या. घडले ते एवढेच. रोज पहाटे त्या बांधावर शेकडो माणसे धावतात आणि घरी जाऊन चहा पितात. त्यावर कोणी लेख लिहीत नाही. पण आमचे पाय दोन दिवसांत बरे झाले, आणि त्या दिवशी मनात आलेला प्रश्न मात्र अजून दुखतो आहे.

प्रश्न साधा आहे. गरज नसताना बाईने धावावे काय?

वाचकांना हे हास्यास्पद वाटेल. पण आम्ही उर्दूतून शिकवतो, घरी कोकणी बोलतो आणि लिहायचे झाले की मराठीत लिहितो, म्हणून तिन्ही भाषा चाळून पाहिल्या. उर्दूत ‘लडकी भाग गई’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. मराठीतली ‘मुलगी पळाली’ त्याच वाटेने जाते, आणि आमच्या कोकणीतही ती काही वेगळ्या दिशेला पळत नाही. राहिले ‘धावून जाणे’. तर ते मदतीला. म्हणजे बाई धावली तर कुणाबरोबर तरी किंवा कुणासाठी तरी. ती नुसतीच धावली, याला तिन्ही भाषांत शब्द सापडला नाही.

मरीन ड्राइव्ह आमच्या वस्तीपासून दूर नाही. बसने अर्धा तास. तिथे आपल्या समाजाचा इस्लाम जिमखाना आहे, हिंदू आणि पारशी जिमखान्यांच्या रांगेत. धर्माधर्मांच्या संघांत क्रिकेटचे सामने होत त्या काळापासूनचा. ते सामने १९४६ साली बंद झाले, जिमखाने राहिले. थोडे अलीकडे, मरीन लाइन्स स्टेशनाजवळ, बडा कब्रस्तान आहे. आमच्यातल्या एकीची सासू म्हणाली होती, “मोहल्ल्यातल्या बाईला मरीन लाइन्सला नेतात ते एकदाच, तेही चार खांद्यांवर.” त्या रविवारी बस त्या बाजूने वळली तेव्हा हे वाक्य आम्हा सगळ्यांना आठवले आणि कोणीच बोलले नाही.

आमच्या धावण्याचा पुढारी एक प्रसिद्ध व्यायामगुरू होता. नाव लिहीत नाही. लिहिले की वाचक त्याच्याकडेच बघेल, आणि त्या दिवशी आमचेही तेच झाले. असे पुढारी नवे नाहीत. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि २०१२ साली मिलिंद सोमण यांनी फक्त बायकांसाठी पिंकाथॉन सुरू केली. सोमण यांनी स्वतः २०१५ साली झुरिचला आयर्नमॅन पुरी केली, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२ किलोमीटर धावणे, सगळे एका दिवसात. ही कमाई थोर आहे. पण आमच्या ध्यानात राहिल्या त्या त्यांच्या आई. २०१६ साली उषा सोमण साडी नेसून, अनवाणी, मुलाच्या बरोबरीने रस्त्यावरून धावल्या, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईचे ते धावणे देशभर लोकांनी पाहिले. मुलगा जग जिंकून आला आणि मग आई रस्त्यावर धावताना दिसली, हा क्रम आम्हाला विचार करायला लावतो.

कारण आमचेही तसेच होते. आम्ही चौघी मिळून मरीन ड्राइव्हवर जातो असे घरी सांगितले असते तर कशाला, कुणाबरोबर, परत कधी, असे सवाल आले असते. टीव्हीवर दिसणाऱ्या माणसाचे नाव घेतले आणि सगळ्या घरांत एकदम “अच्छा, वो?” झाले. ज्या घरात आम्हाला नाक्यावरच्या दुकानापर्यंत एकटीने जाताना सांगून जावे लागते, तिथे एका परक्या पुरुषाचे नाव हाच आमचा परवाना ठरला. उसन्या नावावर मिळालेली मोकळीक आपली म्हणावी का, हे आम्हाला अजून नीट कळलेले नाही.

आयोजकांनी टी-शर्ट दिले. ते आम्ही बुरख्यावरूनच घातले. आरशात पाहिले असते तर धावायच्या आधीच हसून दम लागला असता. सुरुवातीला व्यायामगुरूंनी माइकवरून आम्हाला पुढे बोलावले. “ह्या बघा, ह्या आपली प्रेरणा,” असे काहीसे ते म्हणाले, टाळ्या पडल्या, छायाचित्र निघाले. तेव्हा आम्ही एक पाऊलही धावलो नव्हतो! न धावता प्रेरणा झालो ते कशामुळे, हे उघड होते. चित्राला बुरखा हवा होता. खाला बुरखा घालत नाहीत. पंजाबी सूट, डोक्यावर ओढणी आणि पायात प्लास्टिकच्या चपला. एका स्वयंसेवकाने त्यांना हाताने जरा बाजूला केले आणि त्या झाल्याही. आम्ही पाहिले आणि हसऱ्या चेहऱ्याने उभ्या राहिलो. नियतीवरच अमल तोलला जातो हे वर्गात मुलांना शिकवणाऱ्या आम्ही, त्या क्षणी आमची नियत काय होती हे सांगायला धजत नाही.

पण त्या माणसावर अन्याय नको. पाच किलोमीटर पुरे करून तो थांबला नाही. उलटा फिरला आणि सगळ्यात मागे राहिलेल्यांबरोबर पायी चालत आला. मागच्या सफेत म्हातारे आणि दुबळे असतात, त्यांचा विचार करून इमामाने नमाज लांबवू नये, अशी आपल्याकडे शिकवण आहे. ती सगळे इमाम पाळतात असे नाही. हा पाळत होता, आणि ज्यांच्याबरोबर तो चालत होता त्यांत खाला होत्या.

खालांना आम्ही विचारले, फार दमलात का? त्या म्हणाल्या, “मैं तो रोजच दौडती, बाई. आज गाडी नहीं छूट रही, तो पाँव नहीं उठते.”

या एका वाक्याने आमचे सारे धावणे उघडे पाडले. त्या रोज पहाटेची लोकल पकडायला धावतात, संध्याकाळी नळाला पाणी येते म्हणून धावतात. धावणे त्यांना नवे नाही, गरज नसताना धावणे नवे आहे. गरज गेली की पाय उचलत नाहीत.

मग आम्हाला हजरत हाजरा आठवल्या. वाळवंटात तान्हे लेकरू, पाण्याचा थेंब नाही, आणि आई सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावते. आजही हज-उमऱ्याला जाणारा प्रत्येकजण त्या फेऱ्या करतो. एक फेरी साधारण साडेचारशे मीटर, सातांचे मिळून तीन किलोमीटरहून थोडे अधिक. मरीन ड्राइव्हच्या लांबीच्या जवळपासच. आता तिथे संगमरवर आहे आणि थंड हवा आहे. मधल्या हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी धावायचे असते, बायकांनी चालायचे. एका बाईच्या धावण्याची आठवण, आणि धावतात पुरुष. फिकहकारांनी याची कारणे दिली आहेत, ती आम्ही वाचली आहेत, त्यांच्याशी वाद घालायला इथे बसलो नाही. नोंद तेवढी केली.

आणि इकडे बारामतीच्या लता करे. २०१३ साली, साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसून अनवाणी मॅरेथॉनमध्ये धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. त्यांचा गौरव झाला तो योग्यच झाला. तरीही वाटते, आपण बाईच्या धावण्याला टाळ्या वाजवतो त्या तिच्या पायांना की तिच्या संकटाला? नवरा धडधाकट असता आणि लताबाई केवळ हौसेने धावल्या असत्या, तर गावाने काय म्हटले असते?

आमच्यातल्या थोरल्या शिक्षिकेला मधुमेह आहे. घरातून तिला सर्वांत लवकर परवानगी मिळाली ती त्यामुळे. शरीर ही अल्लाहची अमानत, ती सांभाळणे फर्ज, म्हणून धावणे योग्य, असे ती म्हणते. ते चूक नाही. पण यातही गरज आलीच. पाण्याच्या जागी साखर आली. म्हणजे धावायला आधी आजार हवा! धडधाकट बाईने काय करावे? आजारी पडेपर्यंत बसून राहावे?

याचे उत्तर आम्हाला फार लांब शोधावे लागले नाही. एका प्रवासात हजरत पैगंबर (स.) यांनी बरोबरच्या लोकांना पुढे जायला सांगितले आणि हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या जिंकल्या. पुढे कितीतरी दिवसांनी पुन्हा शर्यत झाली, तोवर त्यांचे अंग भरले होते, आणि त्या हरल्या. मागच्या हारीची फेड झाली म्हणून पैगंबर हसले. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. नवराबायकोच्या प्रेमाचा दाखला म्हणून वाझमध्ये ती सांगतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आम्हीही आजवर तशीच ऐकली होती. त्या धावण्यात तहानलेले लेकरू नव्हते, आजार नव्हता, सुटणारी गाडी नव्हती. फक्त धावणे होते, आणि जिंकल्याचा आनंद. लोकांना पुढे पाठवून दिले होते, म्हणजे टाळ्या वाजवायलाही कोणी नव्हते.

इथे लेख संपवता आला असता तर आम्हाला बरे वाटले असते. पण एक कबुली राहिली आहे. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात बुधवारी शेवटचा तास कवायतीचा आहे. तो तास गेली कित्येक वर्षे आम्हीच घेतो, शिष्यवृत्तीच्या गणितासाठी. मुलगे मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर गल्लीत धावून घेतात, त्यांचे अडत नाही. मुलींना धावायला मिळण्याची आठवड्यातली ती चाळीस मिनिटे, आणि ती आम्ही काढून घेतली. कुठल्या मौलानाने नाही, कुठल्या बापाने नाही. बी.एड.ला आम्ही सर्वांगीण विकासावर पानेच्या पाने लिहिली होती, चांगले गुणही मिळवले होते.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी आम्ही गणिताचे पुस्तक कपाटात ठेवले आणि मुलींना खाली आणले. शाळेला मैदान नाही. दोन इमारतींमध्ये एक फरसबंद चौक आहे, त्याच्या टोकाला पाण्याची टाकी. धावा म्हटल्यावर मुली एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने विचारले, “कहाँ तक, टीचर?” आम्ही म्हटले, वाटेल तिथपर्यंत. त्या धावल्या, ओढण्या सावरत, किंचाळत, टाकीपर्यंत. तिथे पोचल्यावर सगळ्या थांबल्या, नळाखाली ओंजळी धरल्या आणि एकीमागून एक पाणी प्यायल्या.

परत आल्यावर आम्ही विचारले, इतकी तहान लागली होती?

“नहीं टीचर,” ती मुलगी म्हणाली, “प्यास तो नहीं थी.”