लायडनची उसनी वंशावळ

जुन्या लॅटिन पुस्तकांचे स्कॅन चाळताना पहिल्या पानाच्या तळाशी एक नाव सारखं दिसतं: लुग्दुनी बाताव्होरुम. म्हणजे नेदरलँड्समधलं लायडन. १५७५ साली स्थापन झालेल्या तिथल्या विद्यापीठाच्या लॅटिन नावातही हेच शब्द आहेत.

गंमत म्हणजे हे नाव लायडनचं नाहीच. लुग्दुनुम हे रोमन ठाणं समुद्रकाठच्या काटवाइकजवळ होतं, असं आज अभ्यासक मानतात. नावं कानाला सारखी वाटली आणि विद्वानांनी ते लायडनला चिकटवलं. लायडनचं जुनं रूप 'लेइथोन'. त्याचा अर्थ 'पाण्याच्या प्रवाहांपाशी' असा लावतात. अगदी साधं, गावठी नाव.

मग रोमन नाव इतकं प्रिय का झालं? तेव्हा डच लोक स्पेनच्या राजाविरुद्ध लढत होते. इ. स. ६९ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या बाताव्ही जमातीला ते आपले पूर्वज मानत. 'बाताव्होरुम' म्हणजे 'बाताव्हींचं'. बंडाला जुनी वंशावळ मिळाली.

इथे मी अडकतो. चुकीच्या इतिहासातून लोकांना धीर मिळाला, तर ती चूक माफ करायची का?

नकळत झालेली चूक मला माफ वाटते. पण स्वातंत्र्याचा हक्क पूर्वजांवरून ठरायला लागला, की ज्यांचे पूर्वज 'ते' नाहीत त्यांचं काय? स्पॅनिश वेढ्यात उपाशी राहून लायडन टिकलं, ती हिंमत त्या माणसांची स्वतःची होती. शेवटी बांध फोडून शेतांत पाणी सोडलं गेलं, त्यावरून बंडखोरांच्या होड्या आल्या आणि ३ ऑक्टोबर १५७४ ला शहर सुटलं. पाण्याने वाचवलं, आणि पाणीच त्याच्या खऱ्या नावात होतं.

हे लिहिताना मला भारी वाटलं, आणि लगेच शंकाही आली. हाही योगायोगच. मीसुद्धा नावातून मला हवा तो अर्थ काढतोय.

कोडमध्ये चुकीचं नाव पडलेलं फंक्शन आम्ही बरेचदा बदलत नाही, कारण त्यावर बरंच काही उभं असतं. पण वर एक कॉमेंट लिहितो: नावावर जाऊ नका, हे प्रत्यक्षात असं चालतं. विद्यापीठाने लॅटिन नाव खुशाल ठेवावं. कॉमेंट मात्र पुसू नये.