आजीचे टाळ आणि नवं गीत

आजचा शास्त्रभाग: स्तोत्र ९८, लूक २:८-२०



आज मनाला लागलेली एक गोष्ट सांगतो. गेल्या नाताळात मी पुण्याहून दोन मित्रांना घेऊन जामनेरला घरी आलो होतो. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजीने नेहमीसारखे टाळ घेतले आणि ना. वा. टिळकांचं एक भजन सुरू केलं. खरं सांगतो, मला मित्रांसमोर लाज वाटली. "आजी, आज राहू दे ना," म्हणत मी मोबाईलवर 'सायलेंट नाइट' लावलं. ती काहीच बोलली नाही. टाळ पिशवीत ठेवले आणि ऐकत बसली.

मार्चमध्ये तिला लकवा मारला. तिची वाचा गेली.

या आठवड्यात स्तोत्र ९८ वाचताना मी सुरुवातीलाच अडलो. स्तोत्रकर्ता परमेश्वरासाठी नवं गीत गायला सांगतो. मग मी ज्यांना 'खरी' नाताळगीतं समजत होतो, ती कुठून आली ते पाहिलं.

'सायलेंट नाइट'चे शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने १८१६ साली लिहिले. १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांनी त्याला चाल दिली आणि त्याच रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोघांनी ते गिटारवर गायलं. तो भाग नेपोलियनच्या युद्धांनी पोळलेला होता, आणि ऐकणाऱ्यांत नदीवर होड्या चालवून पोट भरणारी माणसं होती. उपासना लॅटिनमध्ये चालायची, गीत मात्र त्यांच्या जर्मनमध्ये होतं.

'जॉय टू द वर्ल्ड' तर आजच्याच स्तोत्रातून आलंय! आयझॅक वॉट्स यांनी १७१९ साली स्तोत्र ९८ आपल्या मंडळीच्या इंग्रजीत, ख्रिस्ताला समोर ठेवून नव्याने मांडलं. आणि 'जिंगल बेल्स'? जेम्स पिअरपॉन्ट यांचं १८५७ चं ते गाणं बर्फावरून धावणाऱ्या घोडागाडीचं आहे. त्यात येशूचा जन्म नाहीच. आपण मात्र तेसुद्धा नाताळाचं म्हणून मोठ्याने गातो.

आता टिळकांकडे पाहा. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. परक्या चालींत अडखळणाऱ्या मराठी मंडळीला त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन दिलं. म्हणजे मोर यांनी ओबर्नडॉर्फमध्ये जे केलं, तेच टिळकांनी महाराष्ट्रात केलं. एकाचं गीत मला भारी वाटलं आणि दुसऱ्याचं गावठी. दोष गीतात नव्हता, माझ्या कानात होता.

लूकमध्ये देवदूत कुणाकडे गेले? रात्री रानात जागणाऱ्या मेंढपाळांकडे. आमच्याकडे डिसेंबरात रात्रीच्या लाइटीवर गव्हाला पाणी भरायला जातात ना, तशी ती माणसं. देवदूतांनी आधी वरच्या दर्जाचं संगीत शिकून या, असं त्यांना सांगितलं नाही. आनंदाची बातमी त्यांना समजेल अशी सांगितली, आणि परतताना ते स्वतःच देवाची स्तुती करत निघाले.

१९१९ मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. हे वाचलं आणि मी शनिवारी जामनेरची गाडी धरली.

आजीच्या खाटेजवळ बसून पिशवीतून टाळ काढले. मला त्या भजनाची दोनच कडवी येत होती. ताल चुकला, आवाज फाटला. आजी बघत राहिली. मग तिचा डावा हात चादरीवर हळूहळू ठेका धरायला लागला. मी चुकत होतो, ती चुकत नव्हती. तिसरं कडवं फक्त तिलाच येतं, आणि आता ते मी तिच्याकडून शिकू शकत नाही. ही खंत राहणार.

मित्रांनो, 'सायलेंट नाइट' अवश्य गा. पण या नाताळात घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि एक तरी गीत पूर्ण शिकून घ्या. त्यांचं जुनं गीत तुमच्या तोंडी आलं, की तेच देवासाठी नवं गीत होईल.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या लोकांची, आमच्या भाषेची आम्हाला वाटलेली लाज क्षमा कर. आमचे कान उघड आणि वेळ आहे तोवर आम्हाला ऐकायला बसव. येशूच्या नावात मागतो. आमेन.