वानप्रस्थाची घरपट्टी

गृहस्थाने घर केव्हा सोडावे, हे पाहण्यासाठी मनूने पंचांग उघडावयास सांगितलेले नाही. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि अपत्याला अपत्य झाले, म्हणजे अरण्याचा मार्ग धरावा, पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करावे किंवा तिच्यासह निघावे, असे तो सांगतो. अरण्य कोणते, हे मात्र तो सांगत नाही. त्या काळी ते शिवेपाशीच सुरू होत असावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून ते आजही फार लांब नाही. परंतु टिपेश्वरच्या सुमारे १४८ चौरस किलोमीटरांच्या अभयारण्यात वाघांची वस्ती आहे, वनखात्याचे फाटक आहे, तिकीट आहे, आणि अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडण्याचा नियम आहे. त्यामुळे येथला शाळामास्तर, तहसिलीतला अव्वल कारकून किंवा जिनिंगचा मुनीम निवृत्त झाला, की त्याचा वानप्रस्थ एका कागदावर सुरू होतो.

त्या कागदावर चार रकाने असतात. पहिल्यात महामार्गाने दीडशे किलोमीटरांवरचे नागपूर. दुसऱ्यात पुणे, जेथे मुलगा, सून आणि नातवंडे. तिसऱ्यात केळापूर तालुक्यातले मूळ गाव, जेथे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वडिलांचेच नाव अजून चालत आलेले आहे. आणि चौथ्यात, सगळ्यांत शेवटी, पांढरकवडाच. प्रत्येकाखाली घरपट्टी, पाणीपट्टी, दवाखाना, देऊळ, सोबत. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मालमत्ता करात ४० टक्के सवलत मिळते, आणि मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून हा कर माफ आहे, ही माहिती निवृत्त माणसाला वेतन आयोगाच्या तारखांइतकीच तोंडपाठ असते.

या हिशेबाला क्षुद्र म्हणून उडवून लावणे सोपे आहे, आणि आपल्याकडील अध्यात्मावर बोलणारे लोक ते नेहमी करतात. पण धर्मशास्त्राला त्यात काही हीन वाटलेले दिसत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कोणत्याही राजाने ज्यांच्याकडून कर घेऊ नये अशा लोकांची यादी आहे, आणि तिच्यात आंधळा, जड, पांगळा व श्रोत्रियांवर उपकार करणारा यांच्याबरोबर सत्तर वर्षांचा वृद्धही आहे. म्हणजे करमाफीची इच्छा बाळगणाऱ्या पेन्शनराच्या पाठीशी स्मृतीचे वचन आहे. नगरपरिषदेच्या खिडकीवर ते चालत नाही, एवढेच.

परंतु घरपट्टी मोजते काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे घर भाड्याने दिले असता वर्षाला किती उत्पन्न येईल, त्यावर आकारणी बसते आणि दर चार वर्षांनी ती नव्याने तपासली जाते. तेव्हा ज्या गावात राहावयास फारसे कोणी येत नाही, त्या गावचा कर आपोआपच हलका. पांढरकवड्यात कर कमी वाटतो, कारण भाडे कमी आहे. भाडे कमी आहे, कारण मुले पुण्याला गेली आहेत. ज्या रकमेला आपण बचत म्हणून चौथ्या रकान्यात मोठ्या समाधानाने मांडतो, तिच्यात आपल्याच घराच्या रिकामेपणाचा हिस्सा असतो. आणि पुण्याचा रकाना धरावा, तर धृतराष्ट्राची गोष्ट आठवते. युधिष्ठिराच्या घरी पंधरा वर्षे मानाने काढूनही भीमाचे बोल त्याच्या कानांवर पडतच राहिले, आणि अखेर त्याने वनाची वाट धरली. आजच्या भीमांना बोलावेही लागत नाही. दरवाजा जरा जोराने लावला तरी पुरते.

निवृत्त होण्यासाठी स्थान शोधणारा सर्वांत मोठा मराठी माणूस या मुलखातून गेलेला आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये दुसरा बाजीराव पांढरकवड्याच्या परिसरात आला, तो नागपूरकरांच्या मदतीची आशा धरून. कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठून पराभूत केले, आणि जूनच्या आरंभी तो माल्कमच्या स्वाधीन झाला. दरसाल आठ लाखांचे पेन्शन आणि गंगेच्या काठी कानपूरजवळचे ब्रह्मावर्त, असा त्याचा वानप्रस्थ ठरला. शास्त्राला इष्ट ते सर्व त्यात होते: पवित्र क्षेत्र, नित्य स्नान, दानधर्म, राज्याच्या चिंतेतून सुटका. १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथे राहिला, आणि तरीही आपण त्याला वानप्रस्थी म्हणत नाही. त्याच्यापाशी कर्तव्य उरले नव्हते. उरले होते ते त्याच्या पानावर जेवणारे आश्रितांचे गाव, आणि कंपनी सरकारने पेन्शन बंद करताच ते गाव उघड्यावर पडले.

त्याच्यासमोर शेजारच्या वर्धा जिल्ह्यातले पवनार ठेवावे. भूदानासाठी वर्षानुवर्षे देश पायी तुडविल्यावर विनोबांनी १९७० मध्ये धाम नदीकाठच्या त्या आश्रमात क्षेत्रसंन्यास घेतला आणि १९८२ मध्ये तेथेच देह ठेवला. क्षेत्रसंन्यास म्हणजे हे स्थान आता सोडणार नाही, असा संकल्प. बाजीरावाला स्थान मिळाले. विनोबांनी स्थानाला स्वतःला दिले.

येथे कराचा प्रश्न पुन्हा येतो, आणि तो कालिदासाने मांडला आहे. दुष्यंताला आश्रमात पुन्हा शिरण्यासाठी निमित्त हवे, तर तपस्व्यांकडे नीवार धान्याचा सहावा हिस्सा कर म्हणून मागावा, असे विदूषक सुचवितो. तेव्हा दुष्यंत म्हणतो, की इतरांकडून येणारा कर नाशवंत, वनवासी आपल्या तपाचा षष्ठांश देतात आणि तो अक्षय असतो. वनात गेलेलाही करमुक्त नाही. शतपथ ब्राह्मणाने तर देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचे ऋणही सांगितले आहे, आणि आसरा व अन्न देऊन ते फेडावे असे म्हटले आहे. दिवाबत्तीचा, नालीचा, रस्त्याचा पैसा हा त्याच ऋणाचा रोकड भाग होय. हे ऋण सत्तरीला माफ होत नाही, आणि होऊ नये असे माझे मत आहे.

म्हणून निवृत्तांनी कागदाला पाचवा रकाना जोडावा: या गावाला माझ्याकडून काय घेता येईल? माझ्या अंदाजाने तो बहुतेकांना पांढरकवड्यातच थांबावयास सांगेल. कारण येथले दफ्तर, येथली माणसे आणि येथल्या खोड्या त्यांना माहीत आहेत, पुण्याच्या सोसायटीत मात्र ते केवळ कुणाचे तरी बाबा. चतुर्वार्षिक आकारणीच्या नोटिसा निघतात तेव्हा हरकतीची मुदत थोडी असते, आणि शेजारच्या एकट्या म्हातारीला किंवा मजुरीवर जाणाऱ्या कोलाम कुटुंबाला तो अर्ज लिहिता येत नाही. तीस वर्षे सरकारी मराठी लिहिलेल्या कारकुनाने स्वतःची घरपट्टी वेळेवर भरावी, आणि मग त्यांच्यासाठी तो अर्ज लिहून द्यावा.