साठ हजारांची पुडी

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की पुरुषाच्या फाइलीत हल्ली दोन कागद बरेचदा शेजारी शेजारी दिसतात. एक वीर्यतपासणीचा, दुसरा ड जीवनसत्त्वाचा. पहिल्यात शुक्राणूंची हालचाल मंद, दुसऱ्यात आकडा बारा-चौदाच्या घरात. झालं, कोडं सुटलं! मग आठवड्यातून एकदा कपभर दुधात ६०,००० युनिटची पुडी. स्वस्त, सुटसुटीत आणि चारचौघांत वाच्यता न करता घेता येणारी. हाडांसाठी ती जरूर घ्यावी. पण अपत्यासाठी तिच्यावर टाकलेला भार तिला पेलणारा नाही.

दोन्हींत नातं आहे, हे मात्र कुणी नाकारू नये. कोपनहेगनच्या मार्टिन ब्लॉम्बर्ग येन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की ड जीवनसत्त्व ओळखणारी ग्राहकप्रथिनं वृषणात आणि खुद्द शुक्राणूतही असतात. पुढच्याच वर्षी सुमारे ३०० पुरुषांच्या पाहणीत ड जास्त तिथे शुक्राणूंची चपळाई जास्त, असं आढळलं. प्रयोगशाळेत या जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप मिळताच शुक्राणूच्या आतलं कॅल्शियम वाढे आणि शेपटी जोमाने हले. इथे कॅल्शियम हा शब्द अधोरेखित करायला हवा. ड जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या नर उंदरांची प्रजननक्षमता घटते, हे आधीच ठाऊक होतं. १९९२ च्या एका अमेरिकी प्रयोगात त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम पूर्ववत केलं, तर ड न देताही ती परतली. म्हणजे निदान उंदरांत तरी ड हा मालक नव्हे, कॅल्शियमचा हमाल.

खरी कसोटी माणसांवर लागली. त्याच डॅनिश गटाने मूल होण्यात अडचण असलेल्या आणि ड कमी असलेल्या ३३० पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला आरंभी ३,००,००० युनिट, मग रोज १,४०० युनिट आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. दुसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. मुदत १५० दिवस, म्हणजे शुक्राणू घडायला लागणाऱ्या साधारण अडीच महिन्यांच्या दुप्पट. २०१८ मध्ये निकाल आला: औषध घेतलेल्यांच्या रक्तातलं ड वाढलं, वीर्याची प्रत होती तिथेच. मग आधीच्या पाहणीत नातं दिसलं कसं? ड चरबीत विरघळतं, त्यामुळे स्थूल माणसाच्या रक्तात ते कमी सापडतं. आणि तीच चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते. दिवसभर बंद खोलीत बसणाऱ्याला ऊनही नाही, हालचालही नाही. कमी आलेला आकडा पुष्कळदा या राहणीचा पंचनामा असतो, गुन्हेगार नव्हे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. याच चाचणीत ज्यांची शुक्राणुसंख्या कमी होती, त्यांच्यापैकी औषध घेतलेल्या ३५.६ टक्क्यांना मूल झालं, दुसऱ्या गटात १८.३ टक्क्यांना. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण तो मूळ प्रश्नाच्या उत्तरातून नव्हे, एका उपगटातून आला. शिवाय वीर्य सुधारलं नसताना मुलं वाढली कशी, याचा उलगडा होत नाही. नव्या चाचणीला एवढं कारण पुरेसं आहे, प्रिस्क्रिप्शनला नाही. जस्त आणि फॉलिक आम्लाबद्दलही अशीच आशा होती. अमेरिकेत २,३७० पुरुषांवर चाचणी झाली आणि २०२० मध्ये फायदा शून्य निघाला, पोटाच्या तक्रारी तेवढ्या वाढल्या. आपल्याकडची कमतरता युरोपाहून खोल आहे, हा दुसरा आक्षेप. तो रास्त आहे, म्हणून कमतरता भरून काढावीच. मात्र त्या भरवशावर सहा महिने काढले, तर बायकोचंही वय सहा महिन्यांनी वाढतं.

त्या सहा महिन्यांत विचारायचे प्रश्न तसेच राहतात. तंबाखू किती? जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली का? त्यांनी दंड भरतात, पण बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूम थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती आटते. वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या आहेत का, हे डॉक्टर उभं करून, जोर करायला लावून, हाताने चाचपून पाहतात. काम पाच मिनिटांचं. पण त्यासाठी पडद्यामागे जाऊन कपडे उतरवावे लागतात, आणि नवरा तिथवर पोचेतो बायकोची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, सगळं उरकलेलं असतं.