पैनगंगेचा पूल आणि सरकारचा वाटा

आदिलाबादहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की पिप्परवाड्याचा टोलनाका येतो, मग पैनगंगेवरचा पूल, आणि पूल उतरला की यवतमाळ जिल्ह्यातलं पाटणबोरी. अलीकडे बेला-जैनथच्या गावांत मराठी, पलीकडेही मराठी. दोन्हीकडे काळी माती आणि कापूस. तरी 2017 ते 2025 अशी आठ वर्षं या पुलाच्या दोन टोकांना जुगाराचा कायदा वेगळा होता. तेलंगणाने जून 2017 मध्ये वटहुकूम काढून 1974 च्या कायद्यात ऑनलाइन खेळ आणले आणि ‘हा तर कौशल्याचा खेळ’ ही पळवाट बुजवली. त्यामुळे ड्रीम इलेव्हनसारखी ॲप तेलंगणात पैसे लावू देत नसत. फोनचं लोकेशन पाटणबोरीचं झालं की तोच माणूस त्याच खात्यातून खेळायला मोकळा.

अशीच एक नदी अमेरिकेतही आहे. तिथे 1992 च्या केंद्रीय कायद्यामुळे नेवाडासारखे मोजके अपवाद सोडता कोणत्याही राज्याला खेळांवरच्या सट्ट्याला परवाना देता येत नव्हता. न्यू जर्सीने तो कायदा न्यायालयात नेला आणि 14 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मग न्यूयॉर्कची माणसं हडसन ओलांडून जर्सीत जायची, फोनवर पैसे लावायची आणि घरी परतायची. आपला महसूल शेजारी चालला, हे न्यूयॉर्कच्या कारभाऱ्यांना खटकू लागलं. जानेवारी 2022 मध्ये त्यांनीही मोबाइलवरचा सट्टा खुला केला आणि कंपन्यांच्या मिळकतीवर 51 टक्के कर बसवला. आज तीन डझनांहून अधिक राज्यांत हा धंदा कायदेशीर आहे.

माझा आक्षेप त्या 51 टक्क्यांना आहे. कंपनीची मिळकत म्हणजे खेळणाऱ्यांनी गमावलेला पैसा. त्यातला निम्म्याहून जास्त सरकारी तिजोरीत येऊ लागला की लोकांनी कमी हरावं असं कोणत्या अर्थमंत्र्याला मनापासून वाटेल? तिथल्या अर्थशास्त्रज्ञांना ऑनलाइन सट्टा सुरू झालेल्या राज्यांत दिवाळखोरीचे अर्ज वाढलेले दिसले आहेत. सातत्याने जिंकणाऱ्याची पैसे लावण्याची मर्यादा कंपन्या गुपचूप खाली आणतात. हरणाऱ्याला मात्र बोनस देऊन परत बोलावतात. हे सगळं परवान्याच्या चौकटीत चालतं.

आपल्याकडेही परवान्याची बाजू जाणत्या माणसांनी मांडली आहे. न्या. लोढा समितीने 2016 मध्ये क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करण्याची शिफारस केली. जुगार रोखता येत नसेल तर त्याचं नियमन करा, असं विधी आयोगाने 2018 च्या 276 व्या अहवालात म्हटलं. चोरटा धंदा गुन्हेगारांना पोसतो, हा त्यांचा मुद्दा खराच आहे. बंदीने सट्टा संपत नाही, हे कापूस पिकवणाऱ्या मुलखाला कुणी सांगायला नको. मुंबईचा आकडा सुरू झाला तोच न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्यांवर आणि पत्त्यांवर मटका उभा केला. ओपन-क्लोज हे शब्द तेवढे कापसाचे राहिले.

आता चिठ्ठी गेली, आयडी आला. व्हॉट्सॲपवर एजंट आयडी देतो, कुणाच्या तरी भाड्याच्या खात्यात यूपीआयने पैसे टाकले की पॉइंट जमा होतात. मॅच सुरू असताना सहा षटकांत किती धावा, यावर ‘सेशन’ लागतं. पहिल्यांदा जिंकलेले पैसे तासाभरात परत येतात, म्हणून विश्वास बसतो. नेमका इथेच कास्तकाराच्या घराला धोका आहे. भारतीय कपास निगमला (सीसीआय) कापूस घालायचा तर 2025 च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो. ओलावा 12 टक्क्यांच्या आत बसला तर माल घेतात आणि पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. बापाला ॲप जमत नाही. नोंदणी, ओटीपी, यूपीआयचा पिन, सगळं पोराच्या हातात. वर्षाचं पीक आणि सट्ट्याचा आयडी एकाच फोनमध्ये असतात. बियाण्याची उधारी फेडायच्या आत पैसे गेले, तर घराला ते कळतं दुकानदार दारात आल्यावर.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आणि पैनगंगेवरच्या पुलाची दोन्ही टोकं एका कायद्याखाली आली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही. मला हा कायदा पटतो, विशेषतः ही शेवटची तरतूद. जो हरला तो पोलिसांना घाबरून लपला, तर सावकार आणि कर्ज देणारी ॲप त्याला गाठतात. पण 1969 पासून स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या महाराष्ट्र सरकारनेही त्यातला आपला वाटा सोडावा. त्याशिवाय बंदीचा उपदेश त्याच्या तोंडी शोभणार नाही.

कापसाचे पैसे जमा झाले की त्याच दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या आणि पोराला शेजारी बसवून हिशेब करा. पैसे गेलेले दिसले तर मारझोड करू नका, आधी किती देणं झालंय ते विचारा. तो खचलेला वाटला तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन लावा; तिथे मराठीतही बोलता येतं आणि तेलुगूतही.