तजुर्बा कोणाचा?

उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवताना एक अडचण नेहमी येते. मराठीत 'प्रयोग' वेगळा आणि 'अनुभव' वेगळा. उर्दूत दोन्हींसाठी 'तजुर्बा' हा एकच शब्द चालतो. मागे नववीतल्या एका मुलाने भाषांतराच्या वहीत लिहिले, 'डॉक्टरने बाईवर अनुभव केला.' मी लाल शाईने काट मारली. पुढे मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यविशारदाची हकिगत वाचनात आली आणि ते चुकलेले वाक्य आठवले.

बाळंतपण दोन-तीन दिवस अडले की बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय आणि योनिमार्ग यांमधला भाग मरतो, तिथे छिद्र पडते. मग लघवी सतत गळत राहते. कपडे ओले, अंगाला वास, नवरा दूर, बिरादरी दूर. याला फिस्टुला म्हणतात. त्यावरचा भरवशाचा इलाज सिम्सने 1845 ते 1849 या काळात अलाबामातील माँटगोमेरी गावी, घरामागच्या लहानशा दवाखान्यात शोधला. ज्यांच्यावर शोधला त्या गुलाम स्त्रिया होत्या. तिघींचीच नावे उरली आहेत : अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी. संमती त्यांच्या मालकांची.

ल्यूसीच्या मूत्राशयात लघवी टिपायला त्याने स्पंजचा तुकडा ठेवला. त्याने विषबाधा होऊन ती मरता मरता वाचली. अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. चांदीच्या तारेचे टाके घातले तेव्हा कुठे जखम भरून आली. ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये ऑक्टोबर 1846 मध्येच झाले होते, पण सिम्सने भूल दिली नाही. 1857 मध्ये त्याने कारण सांगितले : भुलीचा धोका पत्करावा इतकी ही शस्त्रक्रिया दुखत नाही. (दुखते की नाही हे सांगणार कोण, तर ज्याच्या हाती सुरी तो!) अफू मात्र दिली, शस्त्रक्रियेनंतर, दिवसेंदिवस. दुखणे दबावे आणि शौचाला होऊ नये, म्हणजे टाके उसवणार नाहीत. त्या अफूची त्यांना लत लागली का? ती बंद झाल्यावरच्या रात्री कशा गेल्या? त्या बायांचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही.

सिम्सची बाजू घेणारे म्हणतात, बायांनाही बरे व्हायचेच होते, आणि ईथर तेव्हा नवे होते. हे मला खोटे वाटत नाही. इतर डॉक्टर कंटाळून निघून गेल्यावर या बायाच एकमेकींना धरून ठेवत. पण जिला 'नाही' म्हणण्याची मुभाच नाही, तिच्या 'हो'ला काय किंमत द्यायची? आणि याच माणसाने पुढे न्यूयॉर्कमध्ये 1855 साली स्त्रियांचे रुग्णालय काढले, कर्करोगाच्या बायांना तिथे घेतलेच पाहिजे म्हणून विश्वस्तांशी भांडला, 1874 मध्ये राजीनामा दिला. माणूस सरळ राक्षस असता तर आपले काम सोपे झाले असते. एप्रिल 2018 मध्ये सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलवला गेला. इलाज राहिला. तो कसा हलवणार?

हे सगळे दूरदेशीचे, जुन्या काळचे असे म्हणून मी वही मिटवली असती. पण आपल्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठे संशोधन झाले. सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया, चार गट. एका गटातल्या 31,488 स्त्रियांची तपासणी करायची नाही, फक्त माहिती द्यायची, असे ठरले होते. 2009 मध्ये निकाल छापला गेला. एकदाच एचपीव्ही चाचणी करायचे ठरलेल्या गटातल्या 34,126 जणींत या कर्करोगाने 34 मृत्यू, आणि तपासणी न झालेल्या गटात 64. संशोधकांचे म्हणणे, जिल्ह्यात आधीही तपासणी नव्हतीच, आम्ही कुणाचे काही काढून घेतले नाही. टीकाकारांचे म्हणणे, पॅप चाचणीचा उपयोग अनेक दशकांपासून माहीत होता, मग ज्यांना काहीच मिळत नाही असा गट कशासाठी?

मी डॉक्टर नाही. तुलनेशिवाय खात्री होत नाही, हे मीही फळ्यावर शिकवतो. या निकालाचा फायदा पुढच्या मुलींना होईल, त्यात माझ्या विद्यार्थिनीही असतील. तरी माझे मन संशोधकांच्या उत्तरावर अडते. 'आधीही नव्हतेच' हे गरिबीचे वर्णन झाले. गरिबीलाच मोजपट्टी केली, तर सगळे तजुर्बे गरिबांच्याच वस्तीत होणार. आणि हक्कुल-इबादचा हिशेब असा की ज्याचा हक्क, माफीही त्याच्याकडेच मागावी लागते. पुढच्या लाखांचे भले झाले म्हणून तो फिटत नाही.

माझ्या खालाने एकदा तपासणी शिबिरात कागदावर अंगठा दिला होता. कसला कागद, असे मी घरी विचारले. ती म्हणाली, "बेटा, उन्होंने कुर्सी दी, चाय पिलाई. अब कागज का क्या पूछना?"